रंग चेल्लेल

पाणीसुद्धा घेतलं नाही म्हाताऱ्यानं.

अन्नपूर्णाबाईंनी भरलेलं भांडं तिरुमलरावांच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. शेडच्या पत्र्यावरची धूळ त्यात पडायला लागली, तसं त्यांनी ते मुकाट्यानं उचललं, मोरीत ओतलं आणि दुसरं भरून आणलं. थोरले दीर. ऐंशी उलटलेली, कानानं मंद. पण अपमान लक्षात ठेवायला कान कुठे लागतात? दोन वर्षं त्यांनी अन्नपूर्णाबाईंच्या घराची पायरी चढली नव्हती. आज म्हैसूरबाहेर हूटगळ्ळीच्या ह्या भाड्याच्या शेडात येऊन बसले, हेच कुलदेवी हिंगुलांबिकेनं पदरात घातलं म्हणायचं.

"सेके किती होतंय बघा भावजी, उकडून जीव चाललाय, एक घोट तरी घ्या की."

"आधी काम होऊ दे," तिरुमलराव म्हणाले.

काम म्हणजे पहिला कपडा. रंगाऱ्याच्या घरात नवा हंडा चुलीवर चढला, की त्यातून निघालेला पहिला कपडा विकायचा नसतो. तो घरातल्या थोरल्याच्या खांद्यावर टाकायचा. थोरल्यानं तो घरी न्यायचा आणि आपल्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा वाळत घालायचा. गल्ली समजून जाते, ह्या हंड्याला घराचा हात आहे. मग लग्नातले शेले, देवीचं वस्त्र, जुन्या साड्या, सगळं आपल्या पायानं चालत येतं. आणि दारात कपडा दिसला नाही, तर गल्ली काही बोलत नाही. नुसती दुसऱ्याकडे जाते.

आणि ह्या हंड्याचे मालक कोण, तर पुनीत आणि नागेंद्र! पुनीत अन्नपूर्णाबाईंचा एकुलता एक. नागेंद्र त्यांच्या धाकट्या दिराचा. आईबाप गेल्यावर बाराव्या वर्षी चामराजनगरहून पत्र्याची पेटी घेऊन आलेला. दोघं बेंगळुरूत कॉल सेंटरात होते. कसलं कॉल सेंटर! म्हाताऱ्याकोताऱ्यांना फोन करायचे, "तुमचं करंट बिल भरलेलं नाही, संध्याकाळी लाईन कापतो," आणि घाबरलेल्या माणसाकडून मोबाईलवर आलेला नंबर काढून घेऊन त्याचं खातं पुसायचं. पोलीस आले तेव्हा सगळी सिमं नागेंद्रच्या नावावर निघाली. तो वर्षभर आत बसला. पुनीत घरी आला, आणि अन्नपूर्णाबाईंनी गल्लीभर सांगितलं, "माझा पुनीत तिथं नुसता कॉम्प्युटर बघायचा हो, त्याला बिचाऱ्याला ह्यातलं काय ठाऊक?" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. गल्लीनं मान डोलावली, आणि पुढच्याच वर्षी पुनीतचं लग्नही झालं.

ह्याच फोनांतला एक तिरुमलरावांना आला होता. त्यांच्या खात्यात तेव्हा समाजाच्या देवीउत्सवाचे पैसे होते. ते गेले. म्हाताऱ्यानं वाडवडिलांचे लाकडी ठसे विकले, घराचा मागचा भाग विकला आणि भरपाई केली. पण पैसे परत आले तरी नाव परत येत नाही. "म्हाताऱ्यानंच खाल्ले असतील, फोनचं निमित्त," असं देवळाच्या कट्ट्यावर बोललं गेलं, आणि ते त्यांच्या मंद कानांनाही ऐकू आलं. पोलिसांना, पंचांना, कुणालाही ते एवढंच म्हणाले, "बोलणारा आमच्या घरातला होता. आमच्या घरचं बोलणं बोलला." काय बोलला, ते कधी सांगितलं नाही. त्याची गरजच पडली नाही. घरातला म्हणजे कोण, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

"आई, हंडा चढवतोय, तुम्ही इकडे या ना, व्हिडिओत या," अवनी हाक मारत होती.

ही सून. मूळची नाशिककडची, वडील नोकरीनं म्हैसूरला आलेले. स्वच्छ, पुस्तकातलं मराठी बोलायची. ती बोलली की अन्नपूर्णाबाईंना शाळेच्या बाई आठवायच्या. कंपनीतून रजा काढून आली होती. गोकुलममधल्या दोन दुकानांशी तिनंच बोलणं केलेलं. योगासनं शिकायला आलेले परदेशी लोक हातानं रंगवलेल्या शाली घेतात, म्हणे. पण शालींवर धंदा उभा राहत नाही, तो गल्लीवर राहतो. हे तिलाही आता कळलं होतं, म्हणून ती सकाळपासून म्हाताऱ्यापुढं पदर सावरून वावरत होती.

पुनीत आणि नागेंद्रनं पाण्यानं भरलेला हंडा दोन्हीकडून धरला. लाल रंग आत फिरत होता. पुनीतचा पाय ओल्या फरशीवर जरासा सरकला.

"ए, सावकाश रे!" नागेंद्र ओरडला. "रंग चेल्लेल!"

अवनी फसकन हसली. "काय? चेल्लेल म्हणजे?"

"सांडेल ग," पुनीत हंडा टेकवत म्हणाला. "आमच्या घरातलं वाक्य आहे ते. लहानपणी धावलो की, घाई केली की, घास मोठा घेतला तरी, आजोबा, हे मोठेबाबा, सगळे हेच म्हणायचे. सावकाश, रंग सांडेल. आणि हा आला चामराजनगरहून कन्नड घेऊन. ह्याला सांडणं येईना. चेल्लेल, चेल्लेल!"

"एवढी वर्षं झाली, अजून नाही आलं," अन्नपूर्णाबाईही हसल्या. "किती शिकवलं मी! सां-डे-ल म्हण, म्हटलं. तर म्हणतो, तेच की काकू, चेल्लेल."

"अल्ला काकू, तसं नाही हो, चेल्लेल काय, सांडेल काय, फरशी पुसायची मलाच होती ना," नागेंद्र म्हणाला, आणि सगळेच हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तिरुमलराव हसले नाहीत. हातातली काठी त्यांनी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली आणि नागेंद्रकडे बघत राहिले.

*

नागेंद्रला तो शब्द येत होता.

आल्यानंतर महिन्याभरातच आला होता. अवघड काय होतं त्यात? पण पहिल्यांदा तो "चेल्लेल" म्हणाला, तेव्हा जेवणाच्या पंगतीत सगळे पोट धरून हसले, आणि काकूनं हसता हसता त्याच्या पानात आणखी एक होळगी, पुरणाची पोळी, वाढली होती. त्याआधी चार दिवस त्या घरात त्याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. पोरानं ओळखलं, आपली जागा इथं ह्या शब्दात आहे. मग त्यानं तो शब्द सोडलाच नाही.

पाणी उकळल्यावर त्यानं पांढरा पंचा हंड्यात सोडला. काठीनं ढवळला, खाली दाबला, वर काढला. हे काम त्याला आवडत होतं. इथं खोटं बोलताच येत नाही. पाणी कोमट असलं तर कपडा डाग धरतो, घाई केली तर पट्टे येतात. वर्षभर आत बसून त्यानं हाच हंडा डोळ्यांपुढे धरला होता. पुनीत दर महिन्याला भेटायला यायचा, जाळीपलीकडून म्हणायचा, "बाहेर ये, तुझ्यासोबत उभा राहतो, शप्पथ." तो उभा राहिलाही होता. शेडाच्या कागदावर त्याची सही होती. पण एका गोष्टीबद्दल दोघांत कधी अवाक्षर निघालं नव्हतं. मोठेबाबांना फोन कॉल सेंटरातून कुणी केला, हे नागेंद्रला माहीत होतं. त्या दिवशी तो तापानं खोलीवर पडून होता. पुनीत संध्याकाळी आला आणि जेवला नाही, एवढंच त्यानं पाहिलं होतं. बाकीचं आत गेल्यावर, वकिलाच्या तोंडून मोठेबाबांचा नंबर ऐकला तेव्हा जुळलं. तेव्हा बोलून काय झालं असतं? काकूला दुसरा कोण होता? आणि आपल्याला तरी काकूशिवाय कोण होतं?

पंचा लालभडक निघाला. त्यानं तो पिळला, झटकला आणि दोन्ही हातांवर घेऊन तिरुमलरावांपुढे गुडघे टेकले.

"मोठेबाबा, तप्पायतु. चुकलो. पदरात घ्या."

अवनीनं मोबाईल वर धरला होता. अन्नपूर्णाबाईंनी हात जोडले होते. पुनीत हंड्याजवळच उभा राहिला, काठी हातात घेऊन.

"कशाबद्दल चुकलास?" तिरुमलरावांनी विचारलं.

"फोन केला, त्याबद्दल."

"मला?"

"हो."

"मग एक काम कर." म्हाताऱ्याचा आवाज शांत होता. "त्या दिवशी माझा हात कापत होता. चष्मा सापडेना. मोबाईलवरचे आकडे मी चुकीचे वाचत होतो, परत परत. तेव्हा तू मला एक गोष्ट म्हणालास. अगदी मायेनं म्हणालास. ती परत म्हण. मी हा कपडा घेतो, दारात घालतो, आणि गल्लीला सांगतो, पोराला मी माफ केलं."

नागेंद्रला कळेना. काय म्हणाला असेल पुनीत? त्यानं मान वळवली. पुनीतच्या हातातली काठी थांबली होती, आणि तोंड असं झालं होतं की नागेंद्रला सगळं वाचता आलं. मायेनं. घाई करणाऱ्या माणसाला. घरचं बोलणं. दुसरं काय असणार?

एकच वाक्य होतं. आणि त्यात एकच शब्द होता. तो आपला चेल्लेल म्हटला तर पुनीत उघडा पडतो, बायकोदेखत. त्यांचा सांडेल म्हटला तर चोर आपण. पण चोर तर आपण आहोतच, गल्लीला नवीन काय? कपडा दारात लागेल, धंदा चालेल. त्यानं काकूकडे पाहिलं. काकू त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत चक्क विनवणी होती. म्हणजे काकूलाही ह्याच क्षणी कळलं. का आधीपासूनच ठाऊक होतं?

"म्हणालो होतो," नागेंद्र खाली बघून म्हणाला, "सावकाश सांगा. रंग सांडेल."

स्वच्छ म्हणाला. एक अक्षर वाकडं गेलं नाही.

*

अन्नपूर्णाबाईंचा श्वास सुटला. सुटला म्हणजे इतका मोठ्यानं, की त्यांना स्वतःलाच लाज वाटली.

आणि मग अवनी बोलली. तिच्या मनात काही नव्हतं हो. पुस्तकी मराठीची मुलगी, तिला नुसती गंमत वाटली.

"अरे, येतं की तुला! आत्ता तर चेल्लेल म्हणालास."

तिरुमलरावांनी अवनीकडे मान वळवली.

"फोनवर मुद्दाम शुद्ध बोलतात ग ते," अन्नपूर्णाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "शिकवतात त्यांना तसं. हो की नाही रे नागेंद्रा? माणसानं विश्वास ठेवावा म्हणून. ह्याच्या तोंडावर जाऊ नकोस, लहानपणापासून आतल्या गाठीचा आहे तो."

हे आपण बोललो, हे त्यांना बोलून झाल्यावर ऐकू आलं. पण शब्द काय, सुटला की सुटला.

"हो," नागेंद्र म्हणाला. "काकू म्हणते ते खरं."

"अन्नपूर्णा," तिरुमलराव म्हणाले, "मी बहिरा आहे, वेडा नाही."

ते काठीवर जोर देऊन उठले. नागेंद्र अजून गुडघ्यांवरच होता, हातावरचा कपडा ठिबकत होता.

"मला त्याच दिवशी कळलं होतं. आवाज नाही कळला, शब्द कळला. हे पोर ताप आला तरी चेल्लेल म्हणतं, झोपेत म्हणतं. मी गप्प बसलो. का? तर तू विधवा बाई, तुला एकच मुलगा. आणि ह्याला विचारणारं कोण होतं? मीही तोच हिशेब केला, जो तू केलास. म्हणून तर दोन वर्षं तुझ्या दारात आलो नाही. तुझं तोंड बघायचं नव्हतं असं नाही, स्वतःचंच दिसलं असतं मला तिथं." त्यांनी नागेंद्रकडे पाहिलं. "आज आलो ते कपडा घ्यायलाच आलो होतो रे. म्हटलं, ह्या पोराचा तरी हंडा खरा असेल. तू नुसतं म्हणाला असतास, मोठेबाबा, मला ठाऊक नाही काय बोलणं झालं, तरी घेतला असता मी. पुनीतचं नावसुद्धा विचारलं नसतं."

"मोठेबाबा..."

"आजवर तू मला कधी फसवलं नव्हतंस. आज फसवलंस. इथं, धंद्याच्या पहिल्या दिवशी, पहिला कपडा हातात घेऊन. आता सांग, हा कपडा मी कुठल्या तोंडानं दारात घालू?"

*

पुनीतनं चूल बंद करायला हवी होती. पाणी फसफसून वर येत होतं, पण त्याचे हात जागचे हलेनात.

त्या दिवशी यादीतल्या नंबरापुढं नाव नव्हतं, देवळाच्या ट्रस्टचं काहीतरी होतं. "हॅलो, कोण ते? मोठ्यानं बोला की," एवढं ऐकलं आणि त्यानं आवाज ओळखला होता. फोन ठेवता आला असता. पण मागं साहेब उभा, कानाला दुसरा हेडफोन लावून. आणि म्हातारा आकडे चुकत होता, धापा टाकत होता, "थांब रे बाबा, चष्मा कुठं गेला," म्हणत होता. आणि पुनीतला खरंच, अगदी खरंच, त्याची दया आली. त्या दयेतूनच ते वाक्य निघालं. ह्याच माणसानं त्याला ते हजारदा म्हटलं होतं. पलीकडच्या धापा थांबल्या, आणि मग म्हाताऱ्यानं एकेक आकडा सावकाश, बरोबर वाचून दाखवला. घरातलाच कुणीतरी आहे म्हणून.

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

"पुनीत, तू होतास?" अवनीनं विचारलं. मोबाईल तिनं केव्हाच खाली केला होता.

"अग, यादी असते. नंबर असतात नुसते. कोण कुणाचं, कुठे कळतं?"

"तू होतास का, एवढंच विचारतेय."

तिरुमलराव दाराकडे निघाले होते. तिथं फरशी उतरती, वर रंगाचं पाणी सांडलेलं. काठी घसरली. पुनीत सगळं टाकून धावला, म्हाताऱ्याचा दंड धरला आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "सावकाश, मोठेबाबा..."

आणि तो थांबला. पुढचं वाक्य तोंडात तसंच राहिलं. म्हाताऱ्यानं हात झटकला नाही. वाट बघत असल्यासारखा उभा राहिला.

"रंग सांडेल," अवनीनं वाक्य पुरं केलं.

मग तिनं पुढं होऊन तिरुमलरावांचा हात पुनीतच्या हातातून सोडवून घेतला. "चला मोठेबाबा, मी सोडते घरी. गाडीची किल्ली दे, पुनीत."

त्यानं किल्ली दिली. ती मागं न बघता गेली. पुनीत गेटपर्यंत गेला, गाडीमागं थोडा चालला, मग रस्त्यात उभाच राहिला. हूटगळ्ळीची बस भोंगा वाजवत त्याच्या शेजारून गेली.

*

शेडात दोघंच उरली. नागेंद्रनं चूल बारीक केली.

अन्नपूर्णाबाई खुर्चीत बसल्या, म्हाताऱ्याच्या. स्टुलावरचं पाणी त्यांनीच पिऊन टाकलं. इतका राग आला होता, पण कुणावर काढायचा हेच कळेना. मुलावर काढवत नव्हता, सुनेवर काढून उपयोग नव्हता. मग नेहमीच्या ठिकाणी निघाला.

"एवढी वर्षं जीव तोडून शिकवलं तेव्हा आला नाही मेला तो शब्द. आणि आजच आला?"

"येत होता काकू."

"काय?"

"पहिल्यापासून येत होता. तुम्ही हसायचा म्हणून म्हणायचो नाही."

त्यांना एकदम पंगत आठवली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं, आणि पलीकडे पाटावर ते हडकुळं पोर, सगळ्यांकडे आळीपाळीनं बघणारं. आतल्या गाठीचा, असं आत्ता आपण म्हणालो. मेलं, जिभेला काही हाड!

त्या उठल्या. नागेंद्रनं गुंडाळून बादलीत टाकलेला पंचा त्यांनी बाहेर काढला. एका बाजूला गडद, एका बाजूला फिका. पिळाचे पट्टे उठले होते.

"मी घेते," त्या म्हणाल्या. "थोरली मीच आता तुमची. मी घालते माझ्या दारात वाळत. बघू कोण काय म्हणतो ते."

"गल्ली विचारेल काकू. कुणाच्या हातचा, कसा दिला, मोठेबाबांनी का नाही घेतला? काय सांगाल?"

अन्नपूर्णाबाईंनी तोंड उघडलं. सांगायचं होतं, माझ्या दोन्ही पोरांच्या हातचा. सांगायचं होतं, ह्यानं नाही, त्यानं केलं, आणि ह्यानं भोगलं. देवळाच्या कट्ट्यावर उभं राहून, मोठ्यानं. हे वाक्य त्यांनी मनात दोनदा जुळवलं. दोन्ही वेळेला "त्यानं" पाशी येऊन ते अडलं. पुनीत गेटाशी दिसत होता, खांदे पाडून परत येणारा.

नागेंद्रनं थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांच्या हातातून पंचा काढून घेतला, ओढला नाही, नुसता काढून घेतला. कोपऱ्यातल्या डब्यातून काळी पूड हंड्यात टाकली. बिघडलेल्या कपड्याला रंगारी तेवढंच करू शकतो. काळ्यावर डाग दिसत नाही, आणि काळा कपडा कुणाच्या दारात शुभ म्हणून लावतही नाहीत. त्यानं पंचा आत सोडला आणि काठीनं तळाला दाबून धरला.

"हे काय केलंस रे? पहिला कपडा होता तो!"

"वापरीन मीच. हात पुसायला होईल."

त्या आणखी काही म्हणतील म्हणून तो थांबला नाही. ढवळत राहिला. शेवटी त्यांनी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि दाराकडे निघाल्या. फरशी अजून तशीच ओली होती, लाल.

"सावकाश, काकू," मागून नागेंद्र म्हणाला.

अन्नपूर्णाबाई उंबऱ्यावर थांबल्या. पुढचं ऐकायला थांबल्या. चेल्लेल म्हणाला असता, सांडेल म्हणाला असता. दोन्हींतलं कुठलंही चाललं असतं त्यांना. पण नागेंद्रनं चूल मोठी केली आणि हंड्यावर झाकण ठेवलं.